पिन कोडला अंतर कसे कळते?

पेडण्याहून हरमलची मिरची किंवा डिचोलीहून काजूगर ऑनलाइन मागवताना आपण पिन कोड टाकतो आणि लगेच डिलिव्हरीचा खर्च समोर येतो. घराचा पत्ता न वाचताच दुकानाला दर कसा समजतो?

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिन कोड पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. आपण घर शोधतो तशीच तिची रीत: आधी मुलूख, मग तालुका, शेवटी वाडा. पहिला आकडा ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा. ४०३ म्हणजे गोवा. उरलेले तीन आकडे टपाल कार्यालयाचे: पेडणे ५१२, डिचोली ५०४.

विक्रेता या आकड्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला दर लावतो. सुरुवातीला ४०३ दिसले की गोव्याचा दर, नाहीतर बाहेरचा. पण शेजारच्या सिंधुदुर्गातली सावंतवाडी ४१६ मध्ये येते. मग पेडण्याहून मडगावपेक्षा जवळ असूनही तिथल्या गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजावे लागतात.

म्हणून नवे दुकान मांडताना सिंधुदुर्गाचा वेगळा गट जरूर करा. शेजाऱ्याला शेजाऱ्याचाच दर मिळायला हवा.