लघवीची नळी : रोज विचारावा असा प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठ रुग्णाला लघवीची नळी घातली, की घरच्यांना हायसे वाटते. रात्रीची उठबस वाचते. परंतु नळी जितके दिवस राहील, तितका मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. म्हणून डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी आपण रोज विचारावे, "नळी अजून आवश्यक आहे का?" यात संकोच कसला? स्वतः मात्र ती काढू नये. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. स्ट्रेचरवरून नेताना ती पोटावर ठेवू देऊ नये. नळीला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत. हातमोजे हा त्याला पर्याय नव्हे. (अनावश्यक मोज्यांनी रुग्णालयाची लाल पिशवी मात्र भरते.) नळी निघाल्यावर पहिली लघवी कधी व किती झाली, हे परिचारिकेला आवर्जून सांगावे.