लोणारच्या काठावर छोटा कॅमेरा

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे एरवी हिरवट दिसणारे पाणी गुलाबी झाले आणि त्याचे फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा या रंगामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. म्हणजे इथे रंग हाच पुरावा होता. खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याची पारख अशा ठिकाणीच करावी, कारण नेमका रंगच त्याला आपोआप सांभाळता येत नाही. ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये चौकटभर एकच रंग पसरला, की कॅमेरा तो प्रकाशाचा दोष समजतो आणि उलट्या रंगाकडे ओढून फिका करतो. ‘व्हिव्हिड’ लावले तर तोच गुलाबी भडक होतो. उन्हात व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर आणि रंगाची पद्धत साध्यावर ठेवली, की निदान प्रत्येक फोटो एकाच मापाने निघतो आणि आजचे पाणी पुढच्या महिन्यातल्या पाण्याशी ताडून पाहता येते. म्हणून माझ्या मते कॅमेऱ्याचे मोल मेगापिक्सेलवर ठरत नाही. त्याचा निर्णय आपल्याला किती सहज बदलता येतो, यावर ते ठरते.

लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिरात दुसरी अडचण येते. काळा दगड चौकटभर असला, की मीटर त्याला मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो. दगड राखी दिसतो आणि उन्हात उजळलेल्या कडा पांढऱ्या पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक केले, की दगड पुन्हा काळा होतो. आत मंडपाच्या छतावरच्या कोरीव कामासाठी ऑटो आयएसओ वर चढतो आणि बारीक नक्षी दाण्यांत विरघळते. स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. त्यावर जास्त मेगापिक्सेल कोंबल्याने प्रकाश वाढत नाही. त्यापेक्षा आयएसओ १०० धरावा, कॅमेरा टेकवून ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. २०१२ मध्ये आलेल्या सोनी आरएक्स१०० चा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. जुना असूनही तो या मंदिरात आजच्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांपेक्षा उजवा ठरेल.

फोन असताना एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. फोन अनेक फोटो जोडून सावल्या उजळतो आणि घरच्या समारंभाला ते छानच. पण मूर्तीची खोली सावलीतूनच दिसते. ती उजळली, की शिल्प सपाट होते. काही फोन रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल देतात, त्यांनाही निर्णय किती सहज बदलता येतो, हीच कसोटी लावावी. सरोवर ज्या विवरात आहे, त्याच्या काठावरून आत पाण्याजवळचे कमळजादेवीचे मंदिर टिपायचे, तर मात्र ऑप्टिकल झूम लागतो. डिजिटल झूम म्हणजे नुसती कात्री. तिथेही दुपारी तापलेली हवा थरथरते, आणि तीसपट झूम तो थरकापही तितकाच मोठा करतो. तेव्हा दुकानात झूमचा आकडा विचारण्याआधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे बटण बाहेर आहे की मेनूच्या पोटात, आणि रॉ फाइल मिळते का, हे पाहून घ्यावे.