प्रस्थानापूर्वीची रसद
(लेखांक सहावा)

लांबत जाणाऱ्या दिवसाची वार्ता पक्ष्याच्या मेंदूपर्यंत कशी पोहोचते, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. परंतु वार्ता मिळणे निराळे आणि कूच करणे निराळे, आणि या दोहोंमधला बंदोबस्त ज्या द्रव्यांकडे सोपविलेला असतो त्यांपैकी एकाची, कॉर्टिकोस्टेरोनची, ओळख आज करून घ्यावयाची आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा हुकूम सुटला, की मूत्रपिंडांच्या अग्रभागी वसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून हे संप्रेरक रक्तात उतरते. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याच्या रक्तात ते इतक्या त्वरेने वाढते, की त्याचे मूळचे प्रमाण जाणून घ्यावयाचे, तर सुमारे ३ मिनिटांच्या आत रक्त काढून घ्यावे लागते. यामुळेच त्याला ‘ताणाचे संप्रेरक’ हे नाव चिकटले, आणि ते मला अन्यायाचे वाटते. कारण संकटसमयी जो कारभारी खजिना उघडतो, तोच शांततेच्या काळीही जमाखर्च पाहत असतो. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो हा उत्तर अमेरिकेतील चिमणीएवढा पक्षी रात्री प्रवास करतो. त्याला पिंजऱ्यात ठेवले, तरी स्थलांतराचा ऋतू येताच रात्री त्याची फडफड सुरू होते, आणि भयाचे काही निमित्त नसताना त्या अस्वस्थ प्रहरांत त्याच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरोन वाढलेले आढळते. अर्थात हा खजिना बेताने उघडावा लागतो: हे द्रव्य दीर्घकाळ अतिरिक्त प्रमाणात राहिले, तर चरबीबरोबर स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडू लागतात, आणि पंख हलविणारे स्नायूच झिजले तर साठविलेली चरबी कोणाच्या कामाची?

याच पक्ष्याची एक उपजात मेक्सिकोत हिवाळा काढून कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात, सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या टायोगा खिंडीच्या परिसरात, विणीसाठी येते. तेथे ऐन वसंतात हिमवादळ उठले, की अन्न बर्फाखाली गडप होते आणि नुकत्याच पोहोचलेल्या या पांथस्थांना हस्तगत केलेली जागा सोडून सखल मुलखात उतरावे लागते. ब्रूनर आणि हान या संशोधकांनी काही पक्ष्यांच्या त्वचेखाली हळूहळू झिरपणारे कॉर्टिकोस्टेरोन ठेवून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसले ते असे, की आकाश निरभ्र असताना या अधिक मात्रेने पक्ष्यांना जागा सोडावयास लावले नाही, मात्र वादळात खाली उतरलेले असे पक्षी इतरांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिले. मला या प्रयोगाचे मोल फार वाटते, कारण संप्रेरकाला जुलमी हुकूमशहा समजण्याची आपली सवय तो मोडतो: निघण्याचा निर्णय हवामान पाहून होतो; कॉर्टिकोस्टेरोनचा अधिकार चालतो, तो परतण्याच्या मुहूर्तावर.

बर्फ वितळल्यावर हे पक्षी पुन्हा आपल्याच झुडपाशी कसे येऊन पोहोचतात, तो विषय पुढील आठवड्याचा.