मेव्हन बसवले, तरी कमांड चालेना? पुन्हा डाउनलोड करू नका, आधी ‘पाथ’ तपासा

नंदुरबार : प्रोजेक्ट जमा करायची तारीख तोंडावर आलेली असते. जावा आणि मेव्हन दोन्ही उतरवून झालेले असतात. कमांड प्रॉम्प्टवर ‘एमव्हीएन’ टाइप करताच ‘ही कमांड ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. डाउनलोडच बिघडले असेल असे समजून अनेक विद्यार्थी सगळे पुसून पुन्हा उतरवतात. जेडीके दीडशे एमबीहून मोठे. सातपुड्यातल्या पाड्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवायचे, म्हणजे दिवसाचा डेटा संपला. आणि संदेश पुन्हा तोच!

सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ठीकच असते. हरवलेला असतो तो त्याचा पत्ता.

आपल्या जिल्ह्यात तालुका अक्राणी, पण मुख्यालय धडगावला. इथल्या माणसाला हे माहीत असते. बाहेरून आलेला मात्र अक्राणी शोधत फिरतो. विंडोजचेही तसेच. कमांडचे नाव दिले, की ‘पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर ते एकेक करून पाहते. तिथे नसेल तर हात वर करते. मेव्हन झिप फाइलमधून येते, त्याला इन्स्टॉलर नाही. म्हणून ही नोंद आपल्यालाच करावी लागते.

स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ शोधा आणि ‘युवर अकाउंट’ असा उल्लेख असलेला पर्याय उघडा. वरच्या चौकटीतला ‘पाथ’ निवडून ‘एडिट’, मग ‘न्यू’ करा आणि मेव्हनच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता चिकटवा. कॉलेजच्या लॅबमध्येही हे जमते, कारण या चौकटीला अॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. घोळ होतो तो पत्त्यातच. झिप उघडताना फोल्डरच्या आत तशाच नावाचा दुसरा फोल्डर तयार होतो आणि पत्त्यातली एक पायरी गळते. ‘एमव्हीएन’ फाइल डोळ्यांना दिसेल तिथपर्यंत आत जा, मग वरच्या पट्टीतून पत्ता कॉपी करा.

‘जावा होम’ ही वेगळी नोंद. तिथे जेडीकेच्या मुख्य फोल्डरचा पत्ता हवा, ‘बिन’ जोडायचे नाही. पाथमध्ये बिन हवे, इथे नको. हा उलटा नियम भल्याभल्यांना चकवतो.

बदल केल्यावर जुनी काळी खिडकी बंद करून नवी उघडा. आधीच उघडी असलेली खिडकी जुनीच यादी वापरते. कोड एडिटरमधल्या टर्मिनलचेही तेच, त्यासाठी एडिटरच बंद करून उघडावा लागतो.

एक धोका मात्र मोठा आहे. ‘सेटएक्स’ कमांडने एका ओळीत पाथ बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ही कमांड १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. यादी लांब असेल तर शेवटचे पत्ते गायब होतात आणि कालपर्यंत चालणारी दुसरी सॉफ्टवेअर बंद पडतात. त्यामुळे खिडकीतूनच बदल करा.

शेवटी ‘एमव्हीएन’, एक जागा सोडून ‘उणे व्ही’ टाइप करा. मेव्हनची आवृत्ती दिसेल आणि खाली ते कोणती जावा वापरते तेही. तिथे जुनीच जावा दिसली, तर पाथला हात लावू नका, ‘जावा होम’ बदला.