टर्बो गाडीचे ॲव्हरेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

आपल्या वसई-विरारकडे कुणाच्या दारात नवी गाडी आली की पेढा तोंडात पडायच्या आत प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" मालक कंपनीचा आकडा छाती फुगवून सांगतो. दोन महिन्यांनी तोच मालक पेट्रोल पंपावर कपाळाला हात लावतो. मग कंपनीने फसवले का? तसे म्हणता येणार नाही. तो आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यावरचाही नसतो.

आधी हे इंजिन समजून घ्या. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर टर्बोचा एक छोटा पंखा फिरतो. त्याच्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढवावे लागते. म्हणजे सावकाश चालवा, इंजिन लहान आणि पिणेही कमी. पाय दाबला की तेच इंजिन मोठ्याचे काम करते आणि पितेही मोठ्यासारखेच!

मग कंपन्या मोठे इंजिन का देत नाहीत? एक कारण कराचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीला ४० टक्के. रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनचे टर्बो इंजिन १,१९९ सीसीचे, तर चाकणच्या स्कोडा कायलॅकचे ९९९ सीसीचे. दोन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर. हिशेब कसा काटेकोर आहे बघा!

आता कागदावरच्या आकड्याविषयी. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रुळांवर चढवून जागच्या जागी चालवतात. चाचणी साधारण वीस मिनिटांची, वेग ताशी ९० किलोमीटरच्या आत आणि एसी बंद. तिथे वसई फाट्याची कोंडी नसते, नालासोपारा स्टेशनबाहेरच्या रिक्षा नसतात, गायमुखचा चढही नसतो. महामार्गाच्या काँक्रिटीकरणात २०२४ मध्ये जे तासन्‌तास अडकले, त्यांना वेगळे सांगायला नको. एसी लावून उभी असलेली लहान गाडीसुद्धा तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते, आणि तेवढ्या वेळात ॲव्हरेज शून्य.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ऊस, मका, तांदूळ पिकवणाऱ्याला त्यातून बाजार मिळतो, हे चांगलेच. पण लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते.

घरखर्चाच्या भाषेत बोलू. महिन्याला ९०० किलोमीटर फिरणे आहे असे धरा. लिटरला १८ पडले तर ५० लिटर लागतील; १२ पडले तर ७५. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला अडीच हजारांचा फरक, वर्षाला तीस हजार! गाडीचा हप्ता चालू असताना ही रक्कम लहान नाही.

म्हणून आधी स्वतःचे फिरणे तपासा. आगाशी, निर्मळ, पापडीच्या गल्ल्यांतून स्टेशनपर्यंत, एवढेच रोजचे जाणे-येणे असेल, तर ॲव्हरेजसाठी टर्बोला जादा पैसे मोजू नका. साधे पेट्रोल इंजिन किंवा सीएनजी परवडेल. पाच माणसे आणि सामान घेऊन महामार्गाने वरचेवर लांब जात असाल, तर टर्बोचा जोर कामी येतो. ताशी ८०-९० चा एकसारखा वेग ठेवलात तर ॲव्हरेजही समाधानकारक मिळते.

खरे ॲव्हरेज घरीच काढा. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तशीच भरा. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असे तीन वेळा करा, मगच मत बनवा. टायरची हवा तपासत जा, आणि पुढे सिग्नल लाल दिसत असताना गाडी पळवू नका.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. टर्बो गाडीवाल्याने रस्ता पाहून पाय दाबावा.