जुन्या मोटारींतील नवें इंजिन आणि पेट्रोलची वाट

बारामती तालुक्यांतील कोऱ्हाळे बुद्रुकच्या शेतकऱ्यास पाणी आणण्याच्या दोन रीती ठाऊक असतात. नीरा डाव्या कालव्याचें पाणी उतारानें पाटांतून संथ येतें. पाट फुटला तर चिखलाचें ढेकूळ घालून तो बुजवितां येतो. पंपाच्या नळांतील पाणी मात्र दाबाखालीं असतें. तेथें सांधा सैल राहिला तर चिळकांडी उडते, आणि ओढीच्या बाजूस हवा शिरली तर पाणीच तुटतें. जुन्या मोटारींत नवें इंजिन बसविणाऱ्यानें हा भेद ध्यानीं धरला, तर निम्में काम झालेंच म्हणावयाचें.

प्रीमियर पद्मिनी हें याचें जवळचें उदाहरण. ती बनविणारी प्रीमियर कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिली. त्यांच्याच नांवाचें वालचंदनगर नीरेच्या याच खोऱ्यांत, इंदापूर तालुक्यांत आहे. गाडीचें उत्पादन केव्हांच थांबलें, तरी कित्येक घरांनीं ती जिव्हाळ्यानें जतन केली आहे. सुटे भाग मिळेनासे झाले म्हणजे तींत नवें इंजिन घालण्याचा विचार सुचतो.

मूळ इंजिनास कार्ब्युरेटर असतो. इंजिनाच्याच गतीनें चालणारा लहानसा पंप टाकींतून पेट्रोल ओढतो व दर चौरस इंचास 3 ते 5 पौंड दाबानें पुढें ढकलतो. ही जवळजवळ पाटाचीच रीत झाली. नव्या इंजिनांत पेट्रोल इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून फवारलें जातें. त्यास बहुधा 40 ते 45 पौंड दाब लागतो. दाब असा दसपट होतांच जुनी नळी निरुपयोगी ठरते.

म्हणून वाट टाकीपासूनच नवी करावी लागते. विजेचा पंप शक्यतों टाकीच्या आंत, पेट्रोलमध्यें बुडालेला असावा, म्हणजे तो थंड राहतो. टाकींत आडपडदे नसल्यास वळणावर पेट्रोल एका अंगास जातें, पंप हवा ओढतो आणि इंजिन गचके खातें. याकरितां पंपाभोंवतीं लहानसें कुंड बसवितात व परतीचें पेट्रोल त्यांतच सोडतात. पंपापुढें बारीक फिल्टर आणि त्यापुढें धातूची नळी असावी. ती सायलेन्सरच्या नळीपासून दूर न्यावी. दाब एकसारखा राखणारा रेग्युलेटर अधिक झालेलें पेट्रोल परतीच्या नळीनें मागें धाडतो. टाकींत हवा शिरण्यासहि वाट हवी. नाहीं तर पेट्रोल उपसलें जातांना आंत पोकळी होऊन प्रवाह मंदावतो.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे सांध्यांवरील रबरी नळी. ती इंजेक्शनच्या दाबासाठींच बनविलेली असली पाहिजे. शिवाय 2025 पर्यंत देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण 20 टक्क्यांच्या घरांत पोहोंचलें. बारामती-इंदापूरच्या उसापासूनहि होणारें हें इथेनॉल जुन्या रबरास मऊ करतें, भेगा पाडतें, पाणी शोषून घेतें आणि टाकींतील जुना गाळ सुटा करून फिल्टर तुंबवितें. यास्तव नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी व टाकी आंतून स्वच्छ करावी.

पंपाची तार सरळ बॅटरीस जोडणें हा घातक आळस होय. अपघातांत नळी तुटली व इंजिन थांबलें, तरी असा पंप तापलेल्या लोखंडावर पेट्रोल ओतीत राहील. इंजिन बंद पडतांच पंपहि थांबेल अशी रिलेची योजना अवश्य करावी. इंजिन प्रथम चालूं करण्यापूर्वीं मोकळ्या जागीं, आग विझविण्याचें साधन जवळ ठेवून, नुसता पंप चालवावा आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदानें पुसून पाहावा. कागद ओला झाला तर काम पुरें झालेलें नाहीं.

कायद्याचीहि एक वाट आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 प्रमाणें इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची संमति लागते. 2021 च्या नियमांनीं 50 वर्षांहून जुन्या गाड्यांस विशेष नोंदणी दिली. परंतु ती मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं आहे, इंजिनांत मोठा फेरफार झालेल्यांसाठीं नव्हे. तेव्हां जुनें इंजिन उतरविण्यापूर्वीं मालकानें हा विचार करावा. पाटाची फूट शेतकऱ्यास ढेकळानें बुजवितां येते. दाबाखालील पेट्रोल तेवढी सवड देत नाहीं.