हप्त्याने आयर्नमॅन

मिलिंद सोमणने २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झ्युरिकची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली आणि हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलीने फोनवर ‘फेब्रुवारीत आमच्या वायएमसीएच्या जिममध्ये आयर्नमॅन करतेय’ म्हटलं, की इकडे आईच्या पोटात गोळा येतो. बाहेर बर्फ, आणि ही म्हणे ३.८ किलोमीटर पोहणार, १८० किलोमीटर सायकल मारणार आणि वर ४२.२ किलोमीटर धावणार!

आकडे खरे आहेत, फक्त मुदत एका दिवसाची नसून महिन्याची आहे. सगळं छपराखाली, सवडीने, वहीत नोंदवत. काही ठिकाणी तर याला सरळ ‘लेझी मॅन ट्रायथलॉन’ म्हणतात. आठवड्याला तीन खेपा धरल्या, तर दर खेपेला पोहणं ३२० मीटर, सायकल १५ किलोमीटर, धावणं साडेतीन किलोमीटर. बेताच्या दमाच्या माणसालाही झेपेल असं. नावातला आळस मात्र थट्टेवारी घ्यावा.

महिनाअखेरीला टी-शर्ट मिळाला की उलटा गैरसमज सुरू होतो: ‘मी आयर्नमॅन झालो!’ नाही झालात. शर्यतीत अंतरापेक्षा सलगपणा मारतो. साधारण सतरा तासांच्या आत सगळं संपवायचं असतं, आणि १८० किलोमीटर सायकल मारून लाकूड झालेल्या पायांनी मॅरेथॉन धावायची असते. गंमत म्हणजे मुळात ही अंतरं हवाई बेटांवरच्या तीन वेगळ्या शर्यतींवरून घेतलेली: वायकीकीचं समुद्रातलं पोहणं, ओआहू बेटाची सायकल-प्रदक्षिणा आणि होनोलुलू मॅरेथॉन. नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी ती एका दिवसात कोंबली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. जिमवाल्यांनी ती गाठ पुन्हा सोडवली, एवढंच.

आता ट्रेडमिल. ‘पट्टाच पाय मागे ओढतो, आपण नुसते उड्या मारतो’ असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक जिममध्ये भेटतात. पट्टा एकसमान वेगाने फिरत असेल, तर पायांच्या दृष्टीने तो मागे सरकणं आणि आपण रस्त्यावर पुढे सरकणं यांत फरक नसतो. फरक वाऱ्याचा: आत समोरून हवा कापावी लागत नाही. जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात, ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगाला पट्ट्याला एक टक्का चढ दिला की बाहेरच्या धावण्याइतकीच ऊर्जा लागते, असं दिसलं. हळू पळणाऱ्याने चढाच्या भानगडीत पडायची गरज नाही. पुढचा दांडा धरून पळणं ही मात्र खरी लबाडी.

सायकलच्या पडद्यावरच्या किलोमीटरवर मात्र फार विश्वास नको. सायकल जागची हलत नाही; ते अंतर यंत्राने आपल्या सूत्राने मांडलेला अंदाज असतो आणि कंपनीगणिक सूत्र बदलतं. शेजारच्या यंत्रावर तेवढ्याच घामात दोन किलोमीटर जास्त दिसले, तर जळू नका. महिनाभर एकच यंत्र धरा.

घामाचंही तसंच. आत वारा नाही, घाम वाळत नाही, म्हणून तो निथळतो. त्याचा चरबीशी संबंध नाही; खेपेनंतर काट्यावर कमी दिसलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं आणि तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं. पंख्यासमोरची सायकल पकडावी, बस.

सगळ्यात महागात पडतो तो ‘शेवटच्या आठवड्यात भरून काढू’ हा हिशोब. दम लवकर वाढतो, पण स्नायूबंध आणि हाडं सावकाश तयार होतात. थकलेले पंचवीस किलोमीटर चार दिवसांत उरकायला गेलात, तर नडगी ठणकू लागते. पोहण्याची थकबाकी एक वेळ चालेल, धावण्याची ठेवू नये.

आणि तलावापाशी येणारा तो उग्र वास? तो स्वच्छतेचा नव्हे. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात ते त्यांनीच. ट्रेडमिलवरून उतरून थेट पाण्यात सूर मारणारे त्यात भर घालतात. आधी शॉवर घ्या.